दगडी पाला

दगडी पाला : (एकदांडी, जखमजोडी, कंबरमोडी, गु. परदेशी भांगरो; ते. गड्डी चामंती, गायपाकु, त. वेट्टुकाय पूंडू, लॅ. ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स, कुल–कंपॉझिटी). जमिनीलगत पसरणारी, केसाळ व जवळजवळ वर्षभर फुलणारी ही लहान रानटी ओषधी मूळची मेक्सिको व अमेरिकेच्या इतर उष्ण प्रदेशांतील असून आता जगाच्या बहुतेक उष्ण व उपोष्ण भागांत तण म्हणून पसरली आहे. महाराष्ट्रात ती कोकणापासून मराठवाडा-विदर्भापर्यंत सर्वत्र आढळते. ताज्या जखमेवर पानांचा रस पिळण्याची रीत ग्रामीण भागात सर्वपरिचित असून तिच्या बहुतेक देशी नावांचा उगम ह्याच उपयोगात आहे. ट्रायडॅक्स ह्या प्रजातीत सु. तीस जाती असून त्यांतील बहुतेक मेक्सिकोपुरत्या मर्यादित आहेत. जगभर पसरली ती मात्र ही एकच.

हिचे खोड बारीक, गोलसर व राठ केसांनी आच्छादलेले असते. ते प्रथम जमिनीवर सरपटत जाते व नंतर टोकाशी वर वळते. जमिनीला टेकलेल्या पेऱ्यांवर आगंतुक मुळे फुटतात व तुटलेला तुकडाही स्वतंत्रपणे वाढू शकतो. पाने साधी, समोरासमोर, सु. २–६ सेंमी. लांब, अंडाकृती ते भाल्यासारखी, टोकदार व कडांना ओबडधोबड दातेरी असून कधीकधी तळाशी खोलवर खंडित होतात. दोन्ही बाजूंस राठ केस असल्याने पान बोटांना खरखरीत लागते. फुलोरा स्तबक असून तो १०–३० सेंमी. लांबीच्या सरळ, पर्णहीन दांड्यावर एकटाच येतो. ‘एकदांडी’ हे नाव त्यावरूनच पडले आहे. स्तबकाच्या कडेस बहुधा पाच, क्वचित तीन ते आठ, फिकट पिवळसर वा दुधी पांढऱ्या रंगाची किरण-पुष्पके असतात. मध्यभागी पिवळी, द्विलिंगी बिंब-पुष्पके दाटीने असतात. प्रत्येक किरण-पुष्पकाच्या जिव्हिकेच्या टोकास तीन ठळक दाते असतात. फळे शुष्क, काळपट व लवदार असून त्यांच्या माथ्यावर पिसासारख्या केसांचा झुबका (पिच्छसंदले) असतो. पक्व स्तबक त्यामुळे मऊ करड्या गोळ्यासारखे दिसते व वाऱ्याच्या झुळकीबरोबर विखुरते.

एका झाडापासून वर्षभरात शेकड्यांनी, क्वचित हजारांनी फळे तयार होतात. बियांना रुजण्यास उजेड लागतो. खोल पुरलेले किंवा दाट पिकाच्या सावलीतील बी सहसा उगवत नाही. म्हणून ही वनस्पती घनदाट गवतात किंवा जंगलात कमी आणि माणसाने उघड्या केलेल्या जमिनीवर अधिक दिसते. रस्त्यांच्या कडा, रेल्वेमार्गांचे भराव, गावठाणे, पडक्या भिंती, शेताचे बांध, शाळांची पटांगणे ही तिची आवडती ठिकाणे होत. जेथे माणसाची वर्दळ, तेथे दगडी पाला असे समीकरणच झाले आहे. जखमा होतात तेही बव्हंशी अशाच ठिकाणी, आणि ह्या वनस्पतीला मिळालेल्या लोकप्रियतेचे अर्धे कारण तिच्या ह्या सहज उपलब्धतेत आहे.

नांदेड जिल्ह्यातील नायगाव (खैरगाव) व त्याच्या आसपासचा प्रदेश ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. गोदावरीच्या दक्षिणेकडील हा भाग मुख्यतः काळ्या जमिनीचा असून पूर्वेस बिलोली-देगलूरकडे बेसाल्टाचा थर संपून ग्रॅनाइटी खडक उघडे पडतात. त्यावरील जमीन रेताड व तांबूस आहे. दोन्ही प्रकारच्या जमिनींत दगडी पाला सारख्याच जोमाने वाढतो. काळ्या रानात तो बांधावर व गाडीवाटेच्या मधल्या पट्ट्यात राहतो, तर मुरमाड माळावर दगडांच्या सांधीतून बाहेर पडलेला दिसतो. ‘दगडी’ हे विशेषण त्याला साजेसे आहे. पावसाळ्यात, विशेषतः श्रावण-भाद्रपदात, तो सर्वाधिक पसरतो. उन्हाळ्यात बांधावरील इतर गवत जळून गेले, तरी विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा घराच्या सांडपाण्याच्या वाटेवर त्याची दोनचार फुले उभी असतात. सोयाबीन, कापूस, तूर व ज्वारी ही येथील प्रमुख पिके असून सोयाबीनची कापणी विळ्याने करतात. कापणीच्या दिवसांत, म्हणजे साधारणतः सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, बोटे कापणे व धसकटे पायांत भरणे ह्या नित्याच्या गोष्टी असतात. अशा वेळी बांधावरून खुडलेली पाने तळहातावर चोळून त्यांचा रस जखमेवर पिळणे हा शेतमजुरांचा पहिला उपचार होय.

नायगावच्या पूर्वेस बिलोली व धर्माबाद, आग्नेयीस देगलूर हे तेलंगणाच्या सरहद्दीवरील तालुके आहेत. १९५६ पर्यंत हा सर्व भाग हैदराबाद राज्यात होता व मराठी आणि तेलुगू भाषकांची ये-जा, मजुरी व सोयरीक सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस चालत आली आहे. त्यामुळे एकाच वनस्पतीची दोन भाषांतील नावे येथे शेजारी शेजारी ऐकावयास मिळतात. ‘गड्डी चामंती’ म्हणजे गवतातील शेवंती. हे नाव फुलाच्या रूपावरून आले. ‘गायपाकु’ म्हणजे जखमेचा पाला. तेलुगूतील ‘गायमु’ आणि मराठीतील ‘घाय’ हे शब्द एकमेकांस जवळचे आहेत. परंतु त्यावरून ह्या वनस्पतीची ‘घायपात’शी गल्लत करू नये. घायपात ही जाड, काटेरी पानांची, दोराच्या धाग्यासाठी लावली जाणारी वेगळीच वनस्पती आहे [→ घायपात]. आंध्र व तेलंगणात ह्याच पाल्याला ‘पलकाकु’, म्हणजे पाटीचा पाला, असेही म्हणतात. शाळकरी मुले ह्या पाल्याने दगडी पाटी घासून स्वच्छ व काळी करीत. महाराष्ट्रातही मुलांना ह्या फुलाचा उपयोग ठाऊक आहे, पण तो खेळापुरता : दांड्याचा फास करून तो स्तबकाच्या मानेशी ओढला म्हणजे फूल टणकन उडते. त्यामुळे काही भागांत त्यास ‘बंदुकीचे फूल’ म्हणतात. ‘टणटणी’ हेही नाव कोठे कोठे ऐकू येते, परंतु ते घाणेरीसही लावतात. ‘कंबरमोडी’ हे नाव, जमिनीवर टेकून पुन्हा वर वळणाऱ्या खोडास शोभणारे आहे. तेही अन्य वनस्पतींस लावले जात असल्याने औषधासाठी पाला गोळा करताना केवळ नावावर विसंबणे धोक्याचे ठरते.

नावांचा हा पसारा एका महत्त्वाच्या गोष्टीकडे निर्देश करतो. ‘जखमजोडी’, ‘गायपाकु’ आणि तमिळ ‘वेट्टुकाय पूंडू’ (कापल्याच्या जखमेची वनस्पती) ही तीन भाषांतील तीन नावे एकमेकांची भाषांतरे नसून एकाच अनुभवावरून स्वतंत्रपणे रूढ झालेली दिसतात. गुजराती ‘परदेशी भांगरो’ ह्या नावाने मात्र वनस्पतीचे परकेपण जपले आहे. भांगरो म्हणजे माका. त्यासारखी दिसणारी, पण बाहेरून आलेली, असा त्याचा सरळ अर्थ आहे. संस्कृतात हिला जुने नाव नाही. अलीकडच्या काही पुस्तकांत ‘जयंती वेद’ असे नाव दिलेले आढळते, परंतु आयुर्वेदीय ग्रंथांतील जयंती म्हणजे शेवरीच्या वर्गातील शिंबावंत क्षुप (सेस्बॅनिया सेस्बॅन) होय. जुन्या निघंटूंतील जयंतीचे गुणधर्म दगडी पाल्यास लावण्याचा प्रकार काही लोकप्रिय पुस्तकांत दिसतो. तो निराधार आहे.

हिचे शास्त्रीय वर्णन कार्ल लिनीअस ह्यांनी १७५३ साली आपल्या स्पीशीज प्लांटॅरम ह्या ग्रंथात केले व तिचे स्थान मेक्सिकोतील व्हेराक्रूझ असे दिले. प्रोकंबेन्स ह्या जातिवाचक लॅटिन नावाचा अर्थ ‘जमिनीवर लोळणारी’ असा आहे. भारतात ती एकोणिसाव्या शतकात चांगली पसरलेली होती. सर जोसेफ हूकर ह्यांच्या फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया ह्या ग्रंथाच्या १८८०–८२ मधील तिसऱ्या खंडात तिची नोंद आहे. म्हणजे आज खेड्यातील वृद्ध मंडळी ज्या औषधास पूर्वापार म्हणतात, ते चरक-सुश्रुतांच्या काळी ह्या देशात नव्हते. ह्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. मिरची, भुईमूग, पेरू, सीताफळ, तंबाखू ह्या सर्व वनस्पती अमेरिकेतून आल्या आणि मराठी घरात इतक्या रुळल्या की त्यांचे परकेपण विस्मरणात गेले. जनावरांच्या जखमेत किडे पडल्यास मराठवाड्यात सीताफळाचा पाला वाटून भरतात. तो उपायही ह्याच अर्थाने नवा आहे. पिवळा धोत्रा हाही मेक्सिकोचाच. लोकवैद्यकाची परंपरा म्हणजे पोथीतील बंदिस्त संग्रह नव्हे. बांधावर नवीन रोप दिसले की ते चोळून, हुंगून, चाखून, जखमेला लावून पाहणारी ती चालती परीक्षा आहे. दगडी पाला त्या परीक्षेत उतरला. त्याच कुलातील आणि अमेरिकेतूनच आलेले गाजर गवत १९५० नंतरच्या दशकात पुण्याजवळ प्रथम आढळले व पुढे मराठवाड्यासह देशभर पसरले. परंतु त्वचेची आग व दमा ह्यांखेरीज त्याने काही दिले नाही आणि लोकांनी त्याला औषधात स्थान दिले नाही.

मूळस्थानीही ह्या वनस्पतीचे औषधी उपयोग आहेत. मध्य अमेरिकेत तिला ‘हिएर्बा देल तोरो’, म्हणजे बैलाची वनस्पती, असे नाव असून ग्वातेमालात त्वचेचे संसर्ग, दाह, पोटदुखी व अतिसार ह्यांवर ती वापरतात. पश्चिम आफ्रिकेत ती सशांना चारा म्हणून घालतात. दोन खंडांतील लोकांनी एकमेकांस न विचारता तिला त्वचेच्या विकारांवर लावून पाहावे, ही गोष्ट तिच्या गुणाविषयी थोडीफार साक्ष देते.

भारतातील प्रमुख उपयोग ताज्या, वरवरच्या जखमेवर होतो. पद्धती साधी आहे. कोवळी आठदहा पाने खुडून तळहातावर चोळतात किंवा दगडावर ठेचतात. हिरवट रस जखमेवर पिळून चोथा वर ठेवतात आणि फडक्याची पट्टी बांधतात. रस लागताच थोडी चुणचुण होते. रक्त लवकर थांबते, असा सार्वत्रिक अनुभव सांगितला जातो. पानांतील स्तंभक (आकुंचन घडवून आणणाऱ्या) टॅनिनांशी त्याचा संबंध असावा. प्रयोगशाळेतही पानांच्या अर्काने रक्त साखळण्यास लागणारा वेळ कमी होतो, असे आढळले आहे. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून पुन्हा ताजा रस घालतात. गुरांच्या बाबतीत तिफण, वखर वा गाडी ओढून बैलाच्या खांद्यास पडलेल्या जखमा, शिंग मोडल्याची जखम व काट्याच्या ओरखड्यांवर हाच पाला वापरतात. काही ठिकाणी तो हळदीबरोबर वाटतात. मुलांच्या गुडघ्यांवरील खरचटणे हे तर ह्या पाल्याचे कायमचे क्षेत्र होय. ह्याशिवाय पानांचा रस खोबरेल वा तिळाच्या तेलात कढवून केसांस लावणे, काढा करून कावीळ व यकृताच्या तक्रारींत देणे, जुलाबावर घेणे, वाळलेला पाला जाळून डास पळविणे असे उपयोग निरनिराळ्या भागांत आढळतात. ह्यांपैकी केसांचा व यकृताचा उपयोग माक्यावरून ओढला गेला असण्याचा संभव बराच आहे; तो भाग पुढे आला आहे.

जखमेवरील उपयोगाची शास्त्रीय तपासणी भारतातच सुरू झाली, हे नमूद करण्यासारखे आहे. पी. व्ही. दिवाण व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८२ मध्ये उंदरांच्या जखमांवर ह्या वनस्पतीच्या परिणामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्टेरॉइड औषधे दिली असता जखम भरण्याचा वेग मंदावतो. ह्या मंदावलेल्या क्रियेवर वनस्पतीचा काय परिणाम होतो, हेही त्यांनी पुढील वर्षी पाहिले व तो अनुकूल असल्याचे त्यांस दिसून आले. १९९१ मध्ये उडुपा व सहकाऱ्यांनी ह्यामागील जीवरासायनिक क्रिया तपासली. जखम भरताना कोलॅजेन ह्या प्रथिनाचे तंतू तयार होतात व ते एकमेकांस आडवे बांधले गेल्यावरच नव्या ऊतकास बळकटी येते. हे बांधकाम लायसिल ऑक्सिडेज ह्या एंझाइमामुळे होते. वनस्पती दिलेल्या उंदरांच्या नव्या ऊतकात ह्या एंझाइमाची क्रियाशीलता व प्रथिनांचे प्रमाण वाढलेले आढळले. पानांत ल्युटिओलीन व क्वेर्सेटीन ह्यांसारखी फ्लॅव्होनॉइडे, बीटा-सिटोस्टेरॉल, फ्यूमॅरिक अम्ल व टॅनिने आहेत. अर्काची सूक्ष्मजंतूंवरील क्रिया, यकृतसंरक्षक गुण व रक्तदाब कमी करण्याची शक्ती ह्यांवर नंतर भारत, नायजेरिया, मेक्सिको इ. देशांत पुष्कळ संशोधन झाले. हे प्रयोग प्रामुख्याने प्राण्यांवर किंवा परीक्षानळीत झालेले आहेत आणि त्यांत वापरलेला अर्क व बांधावरील तळहातात चोळलेला पाला ह्यांत मोठा फरक आहे. प्रयोगशाळेतील जखम स्वच्छ हत्याराने केलेली, मापून घेतलेली व उथळ असते. शेतातील तशी नसते.

ह्या फरकाचे महत्त्व शेतमजुरांच्या बाबतीत जिवावर बेतणारे ठरू शकते. धनुर्वाताचे जंतू (क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी) बीजुकांच्या रूपाने माती व शेण ह्यांत वर्षानुवर्षे टिकून राहतात. दगडी पाला जमिनीलगत, जेथे गुरे बसतात व शेणखत पडते अशाच जागी वाढतो. त्याच्या राठ, केसाळ पानांवर धूळ व मातीचे कण चिकटून असतात. असा न धुतलेला पाला उघड्या जखमेत पिळणे म्हणजे औषधाबरोबर मातीही आत घालण्यासारखे आहे. विळ्याने कापलेले, भरपूर रक्त गेलेले उथळ बोट ह्यात सहसा निभावते. धसकट किंवा खिळा पायात खोल रुतून झालेली जखम मात्र वेगळी. तिचे तोंड लहान, वाट खोल व आत हवा नाही. धनुर्वाताचे जंतू हवेवाचून वाढतात आणि पाल्याचा रस तेथवर पोहोचत नाही; उलट वरचे तोंड लवकर मिटल्याने जखम बरी झाली असा समज होतो. रोगाची लक्षणे बहुधा तीन ते एकवीस दिवसांत दिसू लागतात. जबडा आखडणे हे पहिले चिन्ह असते आणि तोवर पायातील जखम विसरली गेलेली असते.

भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. हे यश गरोदर स्त्रियांना दिलेल्या लशीचे व सुरक्षित प्रसूतीचे आहे. प्रौढ पुरुषांना, विशेषतः शेतात राबणाऱ्यांना, त्याचे संरक्षण आपोआप मिळत नाही. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बालवयातील मात्रांनंतर दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प ह्यांवरील संयुक्त लस (टीडी) देतात. तिची शक्ती पुढे हळूहळू ओसरते व साधारणतः दर दहा वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागते. खोल, मळकट किंवा टोचून झालेली जखम भरपूर स्वच्छ पाणी व साबणाने धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविणे आणि टीडीची मात्रा घेणे आवश्यक असते. पाला लावलाच तर तो धुऊन, धुतलेल्या हाताने व फक्त उथळ जखमेपुरता लावावा. मधुमेही व्यक्तीच्या पायाच्या जखमा, सर्पदंश, कुत्रा चावल्याच्या जखमा व मोठे भाजणे ह्यांत त्याचा उपयोग करू नये. कुत्र्याच्या दंशावर कोणताही पाला, चुना वा तिखट भरण्याची चाल घातक आहे. जखम पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुऊन अलर्काची (रेबीजची) लस ताबडतोब घेणे हाच त्यावर उपाय होय. गाजर गवताने अंगास खाज सुटणाऱ्या काही व्यक्तींना त्याच कुलातील इतर वनस्पतींच्या स्पर्शानेही तसा त्रास होतो, हेही ध्यानात ठेवावे.

बाजारातील माक्यात दगडी पाल्याची भेसळ होते, किंवा तो माका म्हणूनच दिला जातो. दोन्ही वनस्पती एकाच कुलातील, केसाळ, समोरासमोर पानांच्या व लहान स्तबकांच्या असल्याने वाळलेल्या जुडीत त्यांतील फरक चटकन कळत नाही. ओल्या वनस्पतीत तो सहज कळतो. माका (एक्लिप्टा प्रोस्ट्रॅटा) पाणथळ जागी, भातखाचरांच्या कडेस व पाटाच्या काठी वाढतो; दगडी पाला कोरड्या, मुरमाड जागी. माक्याची स्तबके लहान व आखूड दांड्यावर असून त्यांतील किरण-पुष्पके असंख्य, तोकडी व पांढरी असतात. दगडी पाल्यात ती मोजकी, रुंद व तीन दात्यांची असून दांडा हातभर नसला तरी वीतभर नक्कीच असतो. माक्याच्या फळांना पिसांचा झुबका नसतो. सर्वांत सोपी खूण रसाची : माक्याचे खोड किंवा पान चोळले असता रस थोड्याच वेळात काळसर पडतो, दगडी पाल्याचा हिरवाच राहतो. केस काळे करणाऱ्या तेलांत भृंगराज म्हणून दगडी पाला गेला, तर तेलाची किंमत माक्याची आणि वस्तू बांधावरची, असा ग्राहकाचा तोटा होतो. यकृताच्या विकारांत ही अदलाबदल केवळ तोट्यापुरती राहत नाही, कारण पोथीत सांगितलेल्या मात्रा भृंगराजाच्या आहेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वनस्पती तणच होय, पण त्रासदायक तणांत तिची गणना वरच्या क्रमांकावर करता येत नाही. मुळे उथळ असल्याने खुरपणीत ती सहज निघते आणि कोळप्याच्या दोन पाळ्यांनंतर पिकाच्या ओळींत फारशी उरत नाही. मात्र उपटून बांधावर टाकलेले तुकडे पावसात पुन्हा मूळ धरतात. ते उन्हात पूर्ण वाळू देणे वा खड्ड्यात कुजविणे बरे. न नांगरता घेतलेल्या पिकांत, फळबागांत व हिरवळीवर तिचा उपद्रव अधिक होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिचा समावेश केंद्र शासनाच्या घातक तणांच्या यादीत असून तिच्या आयातीवर निर्बंध आहेत. तेथे तिला कोट बटन्स, म्हणजे कोटाच्या गुंड्या, असे काहीसे लाडिक नाव आहे, ही गंमतीची गोष्ट. शेळ्या-मेंढ्या ती खातात. उन्हाळ्यात व पिके निघून गेल्यावर रानात फुलांची टंचाई असते तेव्हा तिच्या स्तबकांवर मधमाश्या व लहान निळी-पिवळी फुलपाखरे हटकून दिसतात. अलीकडे सोयाबीनच्या पट्ट्यात मजुरी वाचविण्यासाठी बांधांवरही तणनाशके फवारण्याचा प्रघात वाढला आहे. फवारणीनंतर काही दिवस पाला वरून हिरवाच दिसतो. अशा बांधावरील पाने जखमेसाठी अथवा जनावरांसाठी घेऊ नयेत.

दगडी पाल्याची लागवड कोणी करीत नाही. औषधासाठी लागलाच तर तो पावसाळ्याच्या अखेरीस, फुले येत असताना, रस्त्याच्या धुळीपासून व फवारलेल्या शेतांपासून दूर असलेल्या जागेवरून मुळासकट काढतात, स्वच्छ धुतात व सावलीत वाळवितात. उन्हात वाळविल्यास पाने तपकिरी पडून चुरा होतो. जखमेसाठी मात्र वाळलेला पाला कोणी वापरीत नाही. ताजे पान मिळत नाही असा दिवस ह्या भागात क्वचितच येतो.